जॅक जॉन्सननं सॅम लँगफर्डला पुन्हा अंगावर का घेतलं नाही?

डावखुरा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

रेनोच्या बॉक्सिंग लढतीची फिल्म परवा रात्री पुन्हा बघत बसलो होतो. ४ जुलै १९१०, नेवाडातलं ऊन, वीसेक हजार माणसं, जवळपास सगळी गोरी. फिल्मला आवाज नाही, जागोजागी ओरखडे आहेत. पण जॅक जॉन्सन, हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता, काय करतोय ते स्वच्छ दिसतं. हा माणूस मारतो कमी, धरतो जास्त. समोरच्या गोऱ्या माजी जगज्जेत्या जिम जेफ्रीजनं हात उचलायला घेतला की ह्याचा पंजा आधीच त्याच्या दंडावर. ठोसा सुटायच्या आत विझतो. मग हळूच एक अपरकट, खालून वर हनुवटीवर. जेफ्रीजच्या कोपऱ्यातून माजी विजेता जेम्स कॉर्बेट सतत टोमणे मारत होता, त्याला हा लढता लढता हसून उत्तरं देत होता. सोन्याचे दात दाखवत.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी. जॉन्सनचा जन्म १८७८चा, टेक्सासातल्या गॅल्व्हेस्टन बंदरातला. आईबाप दोघंही गुलामीतून सुटलेले. १९०१मध्ये जो चॉइन्स्की नावाच्या मुरलेल्या मुष्टियोद्ध्यानं त्याला तिसऱ्या फेरीत झोपवलं. टेक्सासात तेव्हा पैसे लावून लढणं बेकायदा, त्यामुळे हरलेला आणि जिंकलेला दोघांनाही पोलिसांनी उचललं आणि एकाच कोठडीत टाकलं. तीनेक आठवडे ही जोडी आत होती, रोज सराव करत. ज्यानं बेशुद्ध पाडलं त्याच्याकडूनच शिकवणी, तीही सरकारी खर्चानं. ह्यापेक्षा चांगली तालीम त्याला बाहेर मिळाली असती असं मला वाटत नाही.

कृष्णवर्णीयांना तेव्हा बॉक्सिंगमध्ये सगळीकडेच मज्जाव होता असं नाही. जो गॅन्स हा कृष्णवर्णीय १९०२मध्ये लाइटवेटचा, म्हणजे हलक्या वजनगटाचा, जगज्जेता झाला होता. पण हेवीवेट म्हणजे जगातला सगळ्यात ताकदवान पुरुष. ती गादी काळ्याच्या हाती जाऊ द्यायची नाही. हेवीवेट जगज्जेत्या जॉन एल. सलिव्हननं काळ्यांशी लढणार नाही असं उघड सांगितलं, पुढं जेफ्रीजनंही किताब हातात असेपर्यंत तेच केलं. ह्याला म्हणायचे 'कलर लाइन'. काळ्यांसाठी वेगळा हेवीवेट किताब होता, तो जॉन्सननं १९०३मध्ये डेन्व्हर एड मार्टिनकडून घेतला. वेगळी पंगत, वेगळं ताट.

जेफ्रीज १९०५मध्ये अजिंक्य राहून निवृत्त झाला आणि किताब फिरत फिरत टॉमी बर्न्सकडे आला. बर्न्स कॅनडाचा, उंची जेमतेम पाच फूट सात इंच. जॉन्सन त्याच्या मागे इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला. शेवटी ह्यू मॅकिन्टॉश नावाच्या माणसानं बर्न्सपुढे तीस हजार डॉलर ठेवले. जॉन्सनला पाच हजार. आणि पंच कोण? तर स्वतः मॅकिन्टॉश! तरी जॉन्सन तयार झाला. २६ डिसेंबर १९०८, सिडनीचं रशकटर्स बे. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली. त्याआधी कॅमेरा बंद करायला लावला, म्हणजे गोरा जगज्जेता आडवा होताना फिल्मवर येऊ नये. लेखक जॅक लंडन तिथं बातमीदार म्हणून हजर होता. त्यानं तिथूनच लिहिलं की जेफ्रीजनं आता शेत सोडावं आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं ते हसू पुसून टाकावं. 'गोऱ्या आशे'चा, म्हणजे जॉन्सनला हरवेल अशा गोऱ्याचा, शोध सुरू झाला तो असा.

मधे १९०९मध्ये स्टॅन्ली केचेल येऊन गेला, मिडलवेटचा, म्हणजे मधल्या वजनगटाचा राजा. बाराव्या फेरीत त्यानं जॉन्सनला पाडलं. जॉन्सन उठला आणि पुढच्याच क्षणी केचेल गार. केचेलचे दात जॉन्सनच्या ग्लोव्हमध्ये रुतले होते म्हणतात. फिल्ममध्ये जॉन्सन ग्लोव्हवरून हात फिरवताना दिसतो, एवढं खरं.

मग रेनो. जेफ्रीजनं शंभरेक पौंड वजन उतरवलं होतं. बक्षिसाची रक्कम एक लाख एक हजार डॉलर, भरवणारा टेक्स रिकार्ड, पंचही तोच. ठरल्या होत्या पंचेचाळीस फेऱ्या. पंधराव्या फेरीत जेफ्रीज आयुष्यात पहिल्यांदा खाली गेला, आणि मग परत परत गेला. त्या रात्री अमेरिकेत शहरोशहरी दंगली झाल्या, वीसेक माणसं मेली, बहुतेक कृष्णवर्णीय. गुन्हा काय, तर आनंद झाला. त्या लढतीची फिल्म कित्येक शहरांनी दाखवू दिली नाही आणि १९१२मध्ये तर अमेरिकेच्या संसदेनं लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच बंदी घातली.

इथवर सगळं सरळ आहे, आणि जॉन्सनवर जे काही लिहिलं जातं ते बहुधा इथंच टाळ्या घेऊन थांबतं. माझा काटा पुढं अडकतो. ह्या माणसानं सहा-सात वर्षं 'मला काळा म्हणून लढू देत नाहीत' असा टाहो फोडला, अगदी न्याय्य टाहो. आणि किताब मिळाल्यावर? त्या काळातले त्याच्या खालोखालचे तिघे, सॅम लँगफर्ड, जो जेनेट आणि सॅम मॅकव्हे. तिघेही कृष्णवर्णीय. तिघांपैकी एकालाही त्यानं किताबासाठी संधी दिली नाही. पुसलेली रेघ त्यानं स्वतःच पुन्हा ओढली. का? घाबरला? पैशाचा हिशेब? तुमचं काय मत?

खडूसकाकू

वाचतेय. मला बॉक्सिंगमधलं काडीचं कळत नाही, कुणाच्या नाकातून रक्त आलं की मी चॅनल बदलते. पण पंचेचाळीस फेऱ्या?? टायपो आहे का?

डावखुरा

नाही काकू, खरंच पंचेचाळीस, प्रत्येकी तीन मिनिटांच्या. आता किताबासाठी बारा असतात. तेव्हाचा हिशेब साधा होता, एक जण पडेपर्यंत. १९०९मध्ये पॅरिसला जेनेट आणि मॅकव्हे एकोणपन्नास फेऱ्या लढले, शेवटी मॅकव्हेनं हात टेकले. ह्याच दोघांना जॉन्सननं संधी दिली नाही म्हणतोय मी.

जुना_ग्लोव्ह

दंडवत! फौजेत असताना सात वर्षं बॉक्सिंग केलं आहे, म्हणून दंडावरच्या पंजाबद्दल थोडं.

वाटतं तितकं सोपं नाही ते. घरी करून बघा. दोघं समोरासमोर उभे राहा. भावाला सांगा, छातीवर हळू थाप मार. आता तुमचा तळवा त्याच्या कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला ठेवून द्या, ढकलू नका. त्याचा हात निघणारच नाही. पण ह्यात गोम अशी की थाप कधी येणार ते तुम्हाला आधी कळायला पाहिजे. खांदा आधी बोलतो, मूठ नंतर. जॉन्सन खांदा वाचायचा. आमचे उस्ताद म्हणायचे, "हात बघणारा मार खातो."

आणि तेव्हाचे ग्लोव्ह लहान असायचे, आतल्या बोटांना मोकळीक, म्हणून असं धरता यायचं. आजच्या दहा औंसाच्या गादीत जमत नाही.

लँगफर्डबद्दल: ते दोघं १९०६मध्ये लढले होते ना? तिथं काय झालं ते तुम्ही गाळलंत.

डावखुरा

मुद्दाम राखून ठेवलं होतं :)

२६ एप्रिल १९०६, मॅसॅच्युसेट्समधलं चेल्सी. पंधरा फेऱ्या, जॉन्सन जिंकला, गुणांवर. लँगफर्ड त्याच्यापेक्षा जवळजवळ तीस पौंडांनी हलका आणि पाच इंचांनी बुटका. सहाव्या फेरीत लँगफर्ड खाली गेला होता. पुढं लँगफर्डचा मॅनेजर जो वुडमन ह्यानं उलटंच पसरवलं, की आमच्या सॅमनं जॉन्सनला पाडलं. लोकांना ते इतकं आवडलं की अजूनही ठिकठिकाणी तसंच छापून येतं. त्या वेळच्या वर्तमानपत्रांत तसं काही नाही.

पण पाडलं नाही म्हणजे त्रास दिला नाही असं नव्हे. तेव्हाचा लँगफर्ड कोवळा होता. नंतर तो भरला.

रिकामटेकडा१

भारी धागा. ह्याच जॉन्सनला टायटॅनिकवर काळा म्हणून चढू दिलं नाही आणि त्यामुळे तो वाचला ना? कुठं तरी वाचलंय.

डावखुरा

ती लोककथा. गाणीही झाली तिच्यावर. जॉन्सन त्या वेळी अमेरिकेतच होता, तिकीट काढायचा प्रश्नच नव्हता. पण कथा का जन्मली ते कळतं. सगळ्या दारांवर अडवला गेलेला माणूस, मग एखाद्या दारानं अडवल्याचा फायदा झाला असं तरी म्हणू द्या की लोकांना.

कोर्टकचेरी

खटल्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी.

१९१०चा मॅन कायदा. हेतू होता वेश्याव्यवसायासाठी बायकांना राज्याबाहेर नेण्याला आळा घालण्याचा. पण कलमात 'अनैतिक हेतूनं' असे ढगळ शब्द घातले होते. असे शब्द सरकारी वकिलाला फार आवडतात, त्यात कुणालाही बसवता येतं.

ऑक्टोबर १९१२मध्ये जॉन्सनला पकडलं ते ल्युसिल कॅमेरॉन ह्या गोऱ्या तरुणीच्या प्रकरणात. तक्रार तिच्या आईची. ल्युसिलनं साक्ष द्यायला नकार दिला आणि डिसेंबरात त्याच्याशी लग्नच केलं. केस बसली. मग सरकारनं जुन्या ओळखी धुंडाळल्या आणि बेल श्रायबर सापडली. १९१३मध्ये सगळ्या गोऱ्यांच्या ज्युरीनं दोषी ठरवलं. एक वर्ष एक दिवस कैद आणि हजार डॉलर दंड. अपिलाच्या मुदतीत जामिनावर असताना गडी कॅनडामार्गे फ्रान्सला पसार. १९२०मध्ये स्वतः मेक्सिकोच्या सीमेवर येऊन हजर झाला आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात शिक्षा भोगली. २४ मे २०१८ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ह्यांनी मरणोत्तर माफी दिली.

माफी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे आमच्या व्यवसायातलं तुणतुणं वाजवून रजा घेतो.

मृण्मयी_

सगळे पुरुष मिळून छान रमला आहात. एटाचं नाव कुणी घेणार आहे का?

एटा ड्युरिया. जॉन्सननं जानेवारी १९११मध्ये जिच्याशी लग्न केलं ती. गोऱ्यांनी तिला वाळीत टाकलं, काळ्यांनाही ती नकोच होती, आणि घरात हा मारायचा. इस्पितळात ठेवावं लागेल इतका. सप्टेंबर १९१२मध्ये शिकागोत, त्यांच्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर, तिनं स्वतःला गोळी घातली. खाली ह्याचं झगमगीत हॉटेल चालू होतं. तीन महिन्यांत ह्याचं दुसरं लग्न.

सरकारनं त्याच्यावर खोट्या हेतूनं खटला भरला हे शंभर टक्के मान्य. पण म्हणून त्याला देव्हाऱ्यात बसवायचं असेल तर मी त्या आरतीला नाही.

डावखुरा

मृण्मयीताई, कान पकडले. मी ते टाळलं होतं, कारण एकदा ते लिहिलं की बाकीचं सगळं फिकं होतं. ही सबब झाली, कळतं मला.

देव्हाऱ्यात मात्र तो कधीच बसायला तयार नव्हता. बुकर टी. वॉशिंग्टनसारखे त्याच्याच समाजाचे पुढारी त्याच्यावर उघड नाराज होते. त्यांना सभ्य, मिळतंजुळतं घेणारा आदर्श हवा होता. ह्याला वेगवान मोटारी, शॅम्पेन आणि वाट्टेल तसं जगणं हवं होतं. तो कुणासाठी लढला असेल तर फक्त जॅक जॉन्सनसाठी. माझ्या मते लँगफर्डच्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच आहे.

खडूसकाकू

मृण्मयी, +१.

अभ्यासू_अण्णा

एक दुरुस्ती. जॉन्सननं किताबासाठी कृष्णवर्णीयाला संधी दिलीच नाही असं वाचकाला वाटू शकतं. डिसेंबर १९१३, पॅरिस, बॅटलिंग जिम जॉन्सन. बरोबरीत सुटली. हेवीवेटच्या जागतिक किताबासाठी दोन कृष्णवर्णीय लढले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दुसरं, इंग्लंडचा अध्याय राहिला. १९११मध्ये लंडनला ब्रिटिश मुष्टियोद्धा 'बॉम्बार्डियर' (तोफखान्यातला हुद्दा) बिली वेल्सशी लढत ठरली होती. तिकडच्या पाद्र्यांनी रान उठवलं आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिल ह्यांनी ती बेकायदा ठरवून थांबवली. तोंडानं 'शांतताभंग', पोटात भीती साम्राज्याची. काळा माणूस ब्रिटिश सैनिकाला लंडनमध्ये बडवतोय हे चित्र हिंदुस्थानात आणि आफ्रिकेत पोचलं तर? म्हणजे आपल्या पणजोबांना काय दिसावं नि काय नाही, हा विचार त्या बंदीमागे होता.

डावखुरा

अण्णा, म्हणूनच मी 'तिघांपैकी' असं जपून लिहिलं होतं. बॅटलिंग जिम काही त्या तिघांच्या पंगतीतला नव्हता. जॉन्सनला तो सोपा घास वाटला. हात मोडला लढतीत, तरी किताब राहिला.

इंग्लंडवरून आठवलं. बर्न्सशी लढण्याआधी जॉन्सननं लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबला शब्द दिला होता, जिंकलो तर इथं येऊन लँगफर्डशी लढेन. जिंकल्यावर म्हणाला, एवढ्या पैशात परवडत नाही. झालं. दोन काळे लढणार तर गोरा प्रेक्षक खिसा मोकळा करत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. रेनोला एक लाख जमतात ते गोऱ्याला जिंकताना बघायच्या आशेवर. लँगफर्डशी लढायचं म्हणजे धोका दुप्पट आणि गल्ला चिमूटभर.

जुना_ग्लोव्ह

हिशेब पटतो, पण अर्धाच. नुसता पैसा असता तर १९१३-१४मध्ये पॅरिसला, जिथं प्रेक्षक काळ्यांवर फिदा होते, तिथं लँगफर्ड चालला असता. मार खायची भीती नसेल, पण किताब जायची होती. रिंगमध्ये उतरलेला माणूस ह्या दोन्हींतला फरक ओळखतो.

रिकामटेकडा१

किताब गेला ती क्युबातल्या हवानाची लढत विकली होती का मग? तो फोटो बघितलाय, पाठीवर पडून डोळ्यांवर सावली धरलेला.

डावखुरा

५ एप्रिल १९१५, जेस विलर्ड, साडेसहा फुटांचा धिप्पाड गडी. पुन्हा पंचेचाळीस ठरलेल्या, सव्विसाव्या फेरीत संपली. जॉन्सन नंतर सांगत फिरला की मी मुद्दाम पडलो, घरी परतू देतील म्हणून. आता बघा, विकलेली लढत भर उन्हात सव्वीस फेऱ्या कोण लढवेल? विकायची तर दहाव्या फेरीत पड की बाबा! सदतीस वर्षांचा, व्यायाम सुटलेला, सुरुवातीच्या फेऱ्या जिंकून दमलेला माणूस हरला. बेशुद्ध पडताना हात डोळ्यांवर जाऊ शकतो का ह्यावर ग्लोव्हसाहेबांनी बोलावं.

जुना_ग्लोव्ह

जाऊ शकतो. मी स्वतः एकदा पडल्या पडल्या बूट शोधत होतो. पायातच होते.

फिटरभाऊ

जास्त कळत नाही पण एक गोष्ट आमच्या धंद्यातली. हा माणूस तुरुंगात असताना त्यानं पान्याचं पेटंट केलं होतं ना? व्हॉट्सअपवर येतं की पान्याचा शोधच त्यानं लावला आणि 'मंकी पाना' हे नाव त्याला हिणवायला पडलं.

अभ्यासू_अण्णा

पेटंट खरं, १८ एप्रिल १९२२, क्रमांक १४१३१२१. बाकीचं खोटं. जबडा सरकवायचे पाने आणि ते नाव, दोन्ही त्याच्या जन्माच्या आधीपासून होतं. त्यानं सुधारणा केली, पाना चटकन सुटा करून साफ करता यावा अशी.

फिटरभाऊ

मग हुशार होता. ग्रीस आणि कीस अडकून जबडा घट्ट होतो, हीच आमची रोजची कटकट आहे. हातात पाना धरून काम केल्याशिवाय हे सुचत नाही.

मृण्मयी_

हे आवडलं. पुढं काय झालं त्याचं?

डावखुरा

पुढं उतार. न्यूयॉर्कच्या ४२व्या रस्त्यावर ह्युबर्ट्स म्युझियम नावाचा तळघरातला तमाशा होता, पिसवांची सर्कस वगैरे. तिथं उभा राहून तो लोकांना आपल्या गोष्टी सांगायचा, तिकीट लावून.

आणि त्यानं मागे ठेवलेलं बिल दुसऱ्यांनी भरलं. १९१५नंतर बावीस वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेटच्या किताबासाठी लढू दिलं नाही. हॅरी विल्स गोऱ्या जगज्जेत्या डेम्प्सीची वाट बघत म्हातारा झाला. नंतरच्या कृष्णवर्णीय जगज्जेत्या जो लुईला पुढं आणताना त्याच्या मंडळींनी नियमच घातले होते: गोऱ्या बाईबरोबर फोटो नाही, हरलेल्याकडे बघून हसायचं नाही. थोडक्यात, जॉन्सन व्हायचं नाही. त्यांनी जॉन्सनला जवळही फिरकू दिलं नाही. मग ह्यानं १९३६मध्ये उघड सांगितलं की जॅब, म्हणजे डाव्याचा सरळ ठोसा, मारल्यावर लुईचा डावा हात खाली येतो, त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी श्मेलिंग त्यावर उजवा घालणार. श्मेलिंगवर पैसेही लावले. लुई बाराव्या फेरीत पडला आणि हा हार्लेममध्ये नोटा मिरवत फिरला! लोकांनी चोपायचंच बाकी ठेवलं. नजर मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीही शाबूत, खांदा वाचणारी.

१० जून १९४६ला नॉर्थ कॅरोलिनात गाडीच्या अपघातात गेला. वाटेत एका खानावळीनं काळा म्हणून बसू दिलं नाही, तणतणत निघाला आणि भरधाव गाडी खांबावर. अडुसष्ट वर्षांचा होता. निघाला होता लुईचीच लढत बघायला. शिकागोत पुरलं आहे, एटाच्या शेजारी.

खडूसकाकू

आणि तुमचा लँगफर्ड? धाग्याला नाव त्याचं आणि तोच गायब.

डावखुरा

बरोबर पकडलंत. लँगफर्डला हेवीवेटच्या जागतिक किताबाची लढत कधीच मिळाली नाही. दृष्टी जात होती तरी लढत राहिला, शेवटी पूर्ण आंधळा झाला. १९४४मध्ये अल लेनी नावाचा पत्रकार त्याला शोधत हार्लेममध्ये फिरला. बऱ्याच जणांनी सांगितलं, तो मेला. सापडला एका खोलीत, कफल्लक. लेख छापून आल्यावर लोकांनी पैसे जमवून त्याची सोय केली. १९५६मध्ये गेला.

जेनेटला मात्र लढत मिळाली. नोव्हेंबर १९४५, न्यूयॉर्क, युद्धरोख्यांसाठीचा मदतीचा कार्यक्रम. जॉन्सन सदुसष्ट वर्षांचा, जेनेटही साठी उलटलेला. एकेक मिनिटाच्या फेऱ्या, प्रदर्शनीय. किताब बिताब काही नाही.

जुना_ग्लोव्ह

त्याची फिल्म आहे का? दंड धरतो का बघायचंय.